आम्पारोचं कलबूत

माझा भाऊ एवोदियो माणसाच्या तोंडाकडे फारसं बघत नसे. कुणी दारात आलं की याची नजर आधी पायांकडे. चाळीतल्या बायकांना तो घमेंडखोर वाटायचा. घमेंड कसली, धंद्याची खोड होती ती. आमच्या तेपितो वस्तीत तेव्हा घरोघर जोडे व्हायचे, आणि प्रत्येक जोडेवाल्याला वाटायचं की आपल्यासारखी टाच सगळ्या मेक्सिको शहरात कुणी बसवत नाही. एवोदियोच्या बाबतीत ते खरं होतं. बहीण म्हणून त्याची भलामण करत नाही. बहीण म्हणून मला त्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरंही बरंच आहे, आणि ते सगळं चांगलं नाही.

मी त्याच्याच खोलीत मशीनवर बसायचे. वरचं कातडं शिवायचं काम माझं, ते ओढून सोलला बसवायचं काम त्याचं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे तोंड माझ्या ताब्यात राहिलं आणि त्याचा मी पुरेपूर वापर करायचे. एवोदियो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हासिंता, तू शिव."

खोलीच्या भिंतीवर एक लांब फळी होती. तिच्यावर कलबुतं मांडलेली. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय. त्यावर चामडं ताणून जोडा घडवायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं कलबूत एवोदियो त्याच्या पायाबरहुकूम तासून ठेवायचा आणि टाचेवर नाव कोरायचा. फळीच्या अगदी टोकाला एक लहानसं कलबूत होतं. ते आम्पारोचं, त्याच्या बायकोचं. लग्न ठरायच्या आधी याने तिला या खोलीत बसवून तिच्या पायाचं माप घेतलं होतं. पुरुष फुलं नेतात, गाणी म्हणायला वाजंत्री नेतात. आमच्या या शहाण्याने कलबूत केलं. आणि आम्पारो तेवढ्यावर हो म्हणाली.

ती छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा तिची ओतिलिया नऊ वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत आम्पारोला बोलायलाही धाप लागायची, त्यामुळे ती जे बोलली ते मोजकंच. एवोदियोला म्हणाली, "पोरीचं पंधरावं नीट कर. जोडे तू कर. विकतचे आणू नकोस."

पोरगी पंधरा वर्षांची झाली की करायचं ते पंधरावं, आमच्याकडे लग्नाच्या खालोखाल. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना होते, मग चाळीच्या चौकात जेवण. सगळ्यांसमोर पोरगी खुर्चीवर बसते, बाप गुडघ्यावर बसून तिच्या पायांतले सपाट जोडे काढतो आणि उंच टाचांचे घालतो. त्या जोड्यांत ती उठून उभी राहिली की बाई झाली. मग बापाच्या हाताला धरून पहिला नाच, वाल्ट्झ. ज्याच्या घरी हे झालं नाही त्याच्या पोरीला कुणी नावं ठेवत नाही, पण बापाला ठेवतात.

एवोदियोने वर्षभर आधी दिवस धरला. सप्टेंबरातला पहिला रविवार. पाद्र्याला सांगून ठेवलं. फिलेमोन, जो आम्हाला कातडी पुरवायचा, तो ओतिलियाचा, आमच्या ओतीचा, बाप्तिस्म्यापासूनचा धर्मपिता, म्हणजे एवोदियोचा कोम्पाद्रे. आमच्यात कोम्पाद्रे भावापेक्षा जवळचा, आणि भावापेक्षा लवकर दुखावणारा. त्याने जेवण आणि वाजंत्री आपल्या अंगावर घेतली. प्वेब्लाहून आम्पारोची माणसं येणार होती. सगळं ठरलं होतं. फक्त ओतीला विचारायचं राहिलं होतं. पण पंधराव्याबद्दल पोरीला विचारतं कोण?

ओती फुटबॉल खेळायची. रेल्वेच्या यार्डामागे धुळीचं मोकळं मैदान होतं, तिथे ती चुलतभावांबरोबर लहानपणापासून जायची. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग कुणीतरी बायकांचे संघ बांधायला लागलं, ओती एका संघात गेली, तिथून दुसऱ्यात, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मला देशाच्या संघात घेतलंय. मी मशीन थांबवलं. एवोदियो थांबला नाही, खिळे ठोकत राहिला.

"कुठल्या देशाच्या?" तो म्हणाला.

"आपल्याच, पप्पा."

"मला वाटलं देशाला पुरुष आहेत."

यातली गंमत अशी की आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांच्या संघांना फुटबॉलचे बूट एवोदियोच करून द्यायचा. पोटं सुटलेले, दारू पिऊन मैदानात उतरणारे बाप्ये याच्या खोलीत रांगेने बसायचे, आणि हा त्यांचे घामट पाय मांडीवर घेऊन मापं घ्यायचा. ओतीने एकदाच मागितले. म्हणाली, "पप्पा, मला एक जोड करून द्याल?" तो म्हणाला, "तुझे जोडे मी करणारच आहे. तुझ्या पंधराव्याचे." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. तिचा स्वभाव बापावर गेला होता, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे बायकांची जगातली मोठी स्पर्धा झाली. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. विमानातून पोरी आल्या, इंग्लंडच्या, इटलीच्या, फ्रान्सच्या, आर्जेंटिनाच्या, डेन्मार्कच्या. गोलाचे खांब गुलाबी रंगवले होते. बायकांना खेळवायचं तर खांब गुलाबी हवेत, हे ज्या डोक्यातून निघालं ते डोकं मला एकदा बघायचं होतं. वर्तमानपत्रं पोरींच्या पायांबद्दल लिहायची, पण एवोदियो बघायचा तसं पायांकडे बघून नव्हे. तरी लोक गेले. हसायला म्हणून गेले आणि बसून राहिले. अझ्टेका स्टेडियम भरलं. आमच्या पोरींनी आर्जेंटिनाला हरवलं, इंग्लंडला हरवलं. ओती राखीव होती, बचावाला डावीकडे. मधूनमधून तिला उतरवत. सरावाहून घरी आली की आधी चौकातल्या धुण्याच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडायची. मी पाहिलं, तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

"हे काय गं?"

"बूट मोठे आहेत, आत्या. संघाकडे पुरुषांचेच आलेत. सगळ्यात लहान मला दिलेत, तरी पुढे चिंध्या कोंबते."

"बापाला सांग."

"काय सांगू? की मला चिंध्या द्या?"

मी बापाला सांगितलं नाही. तिच्या तोंडची गोष्ट तिने सांगायची.

इकडे एवोदियो पंधराव्याचे जोडे करायला बसला. पांढरं मऊ कातडं फिलेमोनने खास निवडून दिलं होतं. या जोड्यांना त्याने मला हात लावू दिला नाही, वरची शिलाईही स्वतः हाताने घातली. मी पाहिलं तर फळीच्या टोकावरचं आम्पारोचं कलबूत जागेवर नव्हतं. तिथे धूळ नसलेली पावलाएवढी जागा तेवढी दिसत होती. बाई गेल्यापासून ते कुणी हलवलं नव्हतं. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मी मान खाली घालून शिवत राहिले. पोरीला आईचा पाय आला असणार, हे त्याने धरूनच चाललं होतं. आणि त्या वेळी मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

मग आमच्या पोरींनी इटलीला हरवलं. त्या मॅचमध्ये मैदानातच मारामारी जुंपली, असं लोक चघळत होते. मला एवढंच कळलं की आता शेवटची मॅच डेन्मार्कशी, अझ्टेकात, आणि ती सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओती खोलीत आली. एवोदियो रापीने सोलची कड तासत होता.

"पप्पा, आम्ही फायनलला पोचलो."

"ऐकलं. काल चाळीत कुणाला झोपू दिलंत?"

"रविवारी आहे."

"रविवारी तुझं पंधरावं आहे."

"ते पुढच्या रविवारी करू या ना."

"फिलेमोनला काय सांगू? कोम्पाद्रे, तुमच्या टर्की कापू नका, त्यांना आणखी आठवडाभर दाणे घाला, माझी पोरगी चेंडूमागे गेलीय?"

"तसंच सांगा. हसेल तो."

"हसेल. आणि मग सगळ्या बाजाराला सांगून हसवेल." एवोदियोने रापी खाली ठेवली. "आणि तुझ्या आईला काय सांगू?"

ओतीचा चेहरा उतरला. मग ती हळू म्हणाली, "आईने तारीख नव्हती सांगितली."

बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं, ते ऐकू येत होतं.

"मी तुला कोंडून ठेवणार नाही," एवोदियो म्हणाला. "दार उघडं आहे. रविवारी बारा वाजता मी चर्चच्या पायऱ्यांवर असेन, जोडे घेऊन. यायचं तर ये."

"आणि नाही आले तर?"

"तर मला कळेल."

"काय कळेल?"

त्याने रापी उचलली. ओती पिशवी घेऊन संघाच्या मुक्कामावर निघून गेली.

माझं डोकं सणकलं होतं. मी म्हणाले, "एवोदियो, आम्पारोला मध्ये उभी करून पोरीवर नेम धरू नकोस. ती असती तर तुझ्याआधी स्टेडियमात जाऊन बसली असती."

"तू शिव."

"शिवते. पण ती येणार नाही."

"येईल," तो म्हणाला. "तिच्या आईची शेवटची इच्छा आहे. पोरगी तेवढी निगरगट्ट नाही."

हे मला नीट सांगायला हवं, नाहीतर माझ्या भावाला तुम्ही राक्षस समजाल. त्याला फुटबॉलचा राग नव्हता. त्याने एका मरणाऱ्या बाईला शब्द दिला होता आणि तो शब्द सहा वर्षं सांभाळला होता. त्यातला सगळ्यात मोठा भाग त्याच्या हातचा होता, तो पुरा झाला होता, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. आता राहिलं होतं फक्त पोरीने खुर्चीवर बसणं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे उभे. ओतीबरोबर नाचायला ठरलेल्या गुलाबी झग्यांतल्या पोरी, त्यांच्या जोडीला भाड्याच्या काळ्या कोटांतले पोरगे, प्वेब्लाहून पहाटेच्या बसने आलेली आम्पारोची आई. एवोदियोने लग्नातला कोट घातला होता, काखेत पांढरं फडकं. तो तोंडं कधी बघत नसे, पण त्या दिवशी रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडाकडे बघत होता.

बारा वाजले, मग वाजून गेले. पाद्री दारात येऊन आत गेला, पुन्हा आला.

"कोम्पाद्रे," फिलेमोन हळूच म्हणाला, "पोरगी अझ्टेकात आहे. सगळ्या शहराला माहीत आहे. आपण जेवायला जाऊ, टर्की चांगली झालीय."

एवोदियो पाद्र्याकडे गेला. "फादर, मिस्सा करा."

"पण मुलगी कुठे आहे? कुणासाठी करू?"

"तिच्या आईसाठी करा."

मग मिस्सा झाली. पंधराव्याची ठरली होती ती मृताच्या आत्म्यासाठी झाली, आणि गुलाबी झग्यांतल्या पोरी तोंडं पाडून गुडघ्यांवर बसल्या. एवोदियो पहिल्या बाकावर होता. फडकं त्याने मांडीवर ठेवलं होतं आणि दोन्ही हात त्याच्यावर. आम्पारोची आई रडत होती. तो रडला नाही. तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

चौकात जेवणं झाली. कागदी पताका लावलेल्या होत्या, त्या कोण काढणार होतं? टर्कीचा मोले, आमचा मिरच्या-चॉकलेटचा दाट रस्सा, उत्तम झाला होता, आणि लोकांनी तो मान खाली घालून खाल्ला. वाजंत्रीवाल्यांना काय वाजवावं कळेना, तेही जेवायला बसले. एवोदियो खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

समोरच्या ब्रिहिदाबाईंकडे टीव्ही होता. आधी त्यांनी तो आदबीने बंद ठेवला. मग त्यांच्या नवऱ्याने आवाज बारीक करून लावला, मग खिडकीत आणून ठेवला, आणि बघता बघता सगळी पंगत खुर्च्या उचलून खिडकीसमोर. मीही गेले. स्टेडियम इतकं भरलं होतं की माणसं दिसतच नव्हती, नुसती काळी भिंत दिसत होती. लाखभर लोक होते म्हणे. आपण हरत होतो. डेन्मार्कची एक पोरगी होती, लांब पायांची, तिने गोल केला होता. निवेदक म्हणाला, तिचं वय पंधरा.

"घ्या," फिलेमोन म्हणाला, "तिच्या बापाने केलं का तिचं पंधरावं?" कुणी हसलं नाही, आणि त्यालाही ते बोलल्याचं वाईट वाटलं.

मध्यंतरानंतर निवेदकाने ओतिलियाचं नाव घेतलं, तिला उतरवत होते. पूर्ण नाव, बापाच्या आणि आईच्या दोन्ही आडनावांसकट. मी मागे वळून पाहिलं. खोलीचं दार उघडं होतं आणि एवोदियो उंबऱ्यात उभा होता.

तो खिडकीपाशी आला नाही. लोकांनी वाट करून दिली, तरी तिथूनच बघत राहिला. पडद्यावर पोरी बोटाएवढ्या दिसत होत्या. ओती कुठली ते मला नंबरावरून कळायचं, तेही कॅमेरा जवळ आला तर. एवोदियोला नंबर बघायची गरज पडली नाही.

"तिचा पाय बुटात फिरतोय," तो म्हणाला.

"छे, मस्त पळतेय की," ब्रिहिदाबाई म्हणाल्या.

"पळत नाहीये. बूट सांभाळतेय." तो माझ्याकडे वळला. "हासिंता, कुणाचे बूट आहेत ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "संघाचे. पुरुषांचे. पुढे चिंध्या कोंबते."

पडद्यावरचे पाय दिसतील अशा बेताने तो जरा पुढे सरकला. मग दुसरा गोल झाला. थोड्या वेळाने ती लांब पायांची पोरगी चेंडू घेऊन डाव्या अंगाने आली, ओतीच्याच बाजूने. ओती तिच्यासमोर बरोबर उभी होती, ते मलाही दिसलं. मग ती पोरगी आत वळली. ओतीही वळली, पण तिचा पाय बुटात वळला आणि बूट मागे राहिला. ती घसरून पडली. चेंडू जाळ्यात गेला. तिसरा गोल.

चौकातल्या लोकांनी उसासा टाकला. कुणी म्हणालं दमली पोरगी, कुणी म्हणालं पंधरा वर्षांची ती, किती करणार. एवोदियोला एकट्याला माहीत होतं काय झालं ते. तेपितोतला सगळ्यात चांगला बूट करणारा, आणि त्याची मुलगी लाख लोकांसमोर चिंध्या कोंबून पळत होती. तो आत गेला आणि दार पुन्हा लोटलं.

ओती संध्याकाळी आली, उजेड असतानाच. संघाचा निळा ट्रॅकसूट, केस मातीने चिकटलेले, पायांत अजून तेच बूट. बरीच पाहुणे मंडळी अजून होती. तिने पताका पाहिल्या, झग्यांतल्या मैत्रिणी पाहिल्या, आजीला पाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत एवोदियो खोलीतून खुर्ची घेऊन बाहेर आला. ती त्याने चौकाच्या मधोमध ठेवली.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. मला वाटलं आता हा सगळ्यांसमोर बोलणार, आणि मी मध्ये पडायच्या तयारीने पुढे झाले. पण तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

त्याने नाड्या सोडल्या. बूट काढला. आतून चिंध्यांचा बोळा बाहेर पडला, रक्ताने कडक झालेला. त्याने तो उचलून बाजूला ठेवला. दुसरा बूट काढला. मोजे काढले. पोरीच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. अंगठ्याचं नख सुटायला आलं होतं. त्याने पाणी मागितलं, मी तसराळं आणून दिलं, आणि त्याने तिचे पाय धुतले. मग पांढरं फडकं उलगडलं.

इतके सुंदर जोडे त्याच्या हातून पुन्हा झाले नाहीत. बायकांच्या तोंडून आवाज निघाला. त्याने ओतीचा उजवा पाय हातात घेतला आणि जोड्यात घालायला गेला. पाय अर्ध्यावर अडकला. त्याने टाच धरून हलकेच ढकललं. पुन्हा ढकललं.

"सुजलाय," आजी म्हणाली. "उद्या जाईल."

एवोदियोने पाय बाहेर काढला आणि तळवा हातावर घेऊन बघत बसला. सूज कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? तो पाय रुंद होता. बोटं पसरलेली, अंगठ्यामागचं हाड मोठं. आम्पारोच्या निमुळत्या पायाशी त्याचं काहीही नातं नव्हतं. तो पाय वर्षानुवर्षं धुळीत पळून घडला होता. जगातले पाय बघत हिंडणाऱ्या माझ्या भावाने घरातले दोन पाय बघितले नव्हते.

"पप्पा," ओती खाली वाकून म्हणाली, "दाबून घाला. मी सोसेन. नाचेन मी." तिने पाय पुन्हा पुढे केला. "आईसाठी घाला."

"नाही," तो म्हणाला.

"जातील. जोर लावा."

"नाही गं. हे तुझ्या आईच्या कलबुतावर केलेत. तुझं माप मी घेतलंच नाही."

त्याने मला खोलीतून कागद आणि पेन्सिल आणायला सांगितली. पाहुणे उभे होते, वाजंत्रीवाल्यांनी टोप्या हातात घेतल्या होत्या. त्याने कागद फरशीवर पसरला, ओतीचा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल कडेकडेने फिरवली, टाचेपासून प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून. मग दुसरा पाय. ओती त्या वेळी रडली. हरल्याचं रडणं आणि हे रडणं एकातच आलं असेल. एवोदियोची पेन्सिल एकदा थांबली, मग पुढे गेली. त्या दिवशी वाल्ट्झ झाला नाही. फिलेमोन जाताना कोम्पाद्रेला मिठी मारून गेला आणि बाजारात कुणाला काही म्हणाला नाही, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एवोदियोने आम्पारोचं कलबूत पुढ्यात घेतलं. कागदावरच्या रेषेशी ताडून त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवायला लागला. अंगठ्याच्या बाजूला एक थर, सुकला की घासायचा, वर दुसरा. मग करंगळीच्या बाजूला, मग चवड्यावर. मी म्हणाले, "नवं लाकूड घे ना. इतकी चिकटवाचिकटव कशाला?" तो म्हणाला, "खाली हीच आहे. वरचं तेवढं पोरीचं." मी मशीनवर जाऊन बसले.

त्या कलबुतावर त्याने फुटबॉलचे बूट केले. काळे, मऊ, घोट्याखाली कापलेले. वेळ लागला, कारण बाईच्या पायाचे असे बूट त्याने कधी केले नव्हते आणि दोनदा केलेले मोडून टाकले. तेवढ्यात ऑक्टोबर संपला. संघाचं बोलावणं आलं नाही. मैदानं बायकांना द्यायची नाहीत, असं कुठूनतरी वरून ठरलं होतं. वर्तमानपत्रांना दुसरं काही मिळालं. ज्या पोरींना बघायला लाख लोक आले होते, त्यांची नावं त्याच गल्लीतले लोक विसरले. ओती सुताच्या गिरणीत कामाला लागली. मोठ्या मैदानात ती पुन्हा कधी उतरली नाही, आणि तिच्यासारख्या कितीतरी उतरल्या नाहीत. मला त्याचा अजून संताप येतो.

मृतांच्या दिवशी आमच्याकडे गेलेली माणसं घरी येतात, म्हणून आम्ही नेहमीसारखी आम्पारोसाठी आरास मांडली. झेंडू, मेणबत्त्या, पाव, तिला आवडायचं ते चॉकलेट. एवोदियोने पांढरे जोडे आणून झेंडूच्या फुलांत ठेवले. तिच्या मापाचा शेवटचा जोड होता तो. आता त्या कलबुतावर तिचा जोडा होणार नव्हता. ओतीने त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवली, आईला यायला सोपं पडावं म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी रेल्वेच्या यार्डामागे पोरी जमल्या होत्या. त्यांतल्या काही अझ्टेकात खेळलेल्या. गोलासाठी दगड मांडले होते. ओतीने नवे बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उड्या मारून पाहिल्या. एवोदियो धुळीच्या कडेला माझ्याशेजारी उभा होता. सगळी मॅच त्याने चेंडूकडे एकदाही पाहिलं नाही, ओतीच्या पायांकडे बघत राहिला. ती वळली की तोही जरा वळायचा.

खेळ संपल्यावर ती धापा टाकत आली.

"पाय फिरतो का आत?" त्याने विचारलं.

"नाही, पप्पा."

"टाचेला लागतं?"

"नाही."

त्याने मान हलवली. मैदानाच्या कडेला आम्ही दोघंच होतो. तिला बघायला लाख लोक आले होते त्या दिवशी तो नव्हता, आणि तो आला तेव्हा दुसरं कुणी उरलं नव्हतं. ओती त्याचा दंड धरून चालायला लागली, मी त्यांच्या मागून आले.